कोंडवाड्याची तरतूद

फेब्रुवारी लागला की आमच्या सासूबाई जेवायला वाढताना मला एकच प्रश्न विचारतात. "माजा छप्पर आला का गो बजेटात?"

मी महापालिकेच्या लेखा विभागात अंदाजपत्रकाच्या टेबलावर बसते. कुठली महापालिका ते सांगत नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत महापालिका एकीला लागून एक बसल्या आहेत आणि त्यांची अंदाजपत्रकं चुलत बहिणींसारखी दिसतात, त्यामुळे वाचणाऱ्याने कुठलीही धरली तरी फार बिघडणार नाही. मी मूळची डोंबिवलीची, घराणं कोकणातलं, वरण-भातावर वाढलेली. लग्न होऊन खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावात आले आणि चिंबोरी कशी फोडायची हे सासूबाईंकडून शिकले. त्या अजूनही सकाळी कळव्याच्या बाजारात पाटी घेऊन बसतात, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की माझ्या पगाराचा दाखला देतात. "माजी सून सरकारात हाय, मना पैशाची गरज नाय, घ्यायचा तर घे."

छपराची गोष्ट अशी. माझे सासरे भर पावसात गेले. आमच्या गावाचं स्मशान म्हणजे खाडीच्या कडेला सिमेंटचा एक ओटा आणि वर आभाळ. पावसाळ्यात कुणी गेलं की चार बांबूंना ताडपत्री बांधायची आणि चार जणांनी ती सरणावर धरून उभं राहायचं, ही आमच्या गावची रीत. ताडपत्री खाली आली तर ती पेटते, वर नेली तर पाऊस आत येतो. सासऱ्यांच्या वेळी दोन्ही झालं. कोपरा पेटला म्हणून धरणारे मागे सरले, तेवढ्यात सरण विझलं. पुन्हा रॉकेल, पुन्हा धूर, पुन्हा ताडपत्री. बायका स्मशानात जात नाहीत, पण आमच्या पडवीतून तो ओटा सरळ दिसतो. सासूबाई खांबाला धरून दिवसभर उभ्या होत्या. जन्मभर पाण्यात राहिलेल्या माणसाला मेल्यावर तरी कोरडं जाता आलं नाही, हे त्यांच्या मनातून जात नाही. तेव्हापासून त्यांचं आयुष्याकडे एकच मागणं आहे. आपण जाऊ तेव्हा डोक्यावर छप्पर असावं.

आणि घरात सून अंदाजपत्रकाच्या टेबलावर! त्यांना वाटायचं, हे काम मी दुपारच्या चहाआधी उरकू शकेन.

आता अंदाजपत्रक कसं होतं ते सांगायला हवं. त्यात दोन गोष्टी पवित्र असतात. पहिली म्हणजे शिल्लक. हजारो कोटींचा व्यवहार असला तरी शेवटी काही लाख रुपये शिल्लक दाखवायचीच. तुटीचं अंदाजपत्रक म्हणजे जावयापुढे रिकामं ताट, तसलं काही आमच्याकडे चालत नाही. त्यामुळे आम्ही आधी शिल्लक ठरवतो आणि मग उत्पन्न तिच्या मापाचं शिवतो. दुसरी पवित्र गोष्ट म्हणजे लाक्षणिक तरतूद. जे काम करायचं नाही, पण करणार नाही असं म्हणायचंही नाही, त्याच्यापुढे एक हजार रुपये लिहायचे. आमच्या गावच्या स्मशानाच्या छपरापुढे वर्षानुवर्षं हे हजार रुपये लिहिलेले आहेत, आणि बऱ्याच वर्षी ते मीच लिहिलेत. एकदा घरी हे कबूल केलं, तर सासूबाई म्हणाल्या, "हजारात दोन पत्रं तरी येतील. तेवरी तरी आनून दे, बाकी मी बगते." मी त्यांना सांगितलं की ते हजारही खर्च करायचे नसतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस मी ताटात काय पडतंय ते मुकाट्याने जेवले.

मधली काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. प्रशासक अंदाजपत्रक तयार करायचे, स्वतःलाच सादर करायचे, ते नीट समजून घ्यायचे आणि स्वतःच मंजूर करायचे. सभागृहात खुर्च्यांवर प्लास्टिक घातलेलं होतं. त्या काळात आमचे मुख्य लेखाधिकारी, म्हणजे माझे साहेब, फार सुखी होते. साहेब जुन्या वळणाचे, शुद्ध बोलणारे, ऑफिसच्या पंख्याचं बटणही जाताना स्वतः बंद करणारे. मागायला कुणी येत नाही म्हटल्यावर त्यांनी हळूहळू बरीच रक्कम राखीव निधीत साठवली. कधी कधी ते नुसते त्या आकड्याकडे बघत बसायचे. मी त्यांना दोनदा छपराचं विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, योग्य वेळ येऊ द्या." काटकसरी माणसाची योग्य वेळ कधी येते ते सगळ्यांना माहीत आहे.

मग निवडणूक जाहीर झाली आणि साहेबांची झोप उडाली.

"मॅडम, हे लोक आले की महिन्याभरात निधीचा फडशा पाडतील," ते मला म्हणाले. "कमानी बांधतील. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला एक कमान. मी मागची कारकीर्द पाहिलेली आहे." ते खोटं नव्हतं. मागच्या वेळी एका गल्लीला दोन्ही तोंडांना दोन कमानी झाल्या होत्या आणि आतली गटारं उघडी होती. पण साहेबांनी त्यावर काढलेला उपाय ऐकून मला वाटलं, त्यांना ताप आलाय. राखीव निधी म्हणून आकडा दिसला की तो जाणार. तेव्हा तो राखीव म्हणून दाखवायचाच नाही. एखाद्या अशा लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, ठेवायचा की ज्याच्याकडे माणसाचं लक्षच जाणार नाही. वर्षाच्या शेवटी सुधारित अंदाजात खर्च झाला नाही म्हणून परत घ्यायचा, आणि त्यातून पहिलं काम करायचं ते आमच्या स्मशानाचं छप्पर. "हा माझा शब्द," साहेब म्हणाले.

"मग आत्ताच सरळ स्मशानापुढे लिहू या ना, साहेब."

"अहो, स्मशान म्हटलं की लोकांचं लक्ष जातं. भावनिक विषय आहे."

पुढचा आठवडाभर आम्ही दोघं नजरेत न भरणारं लेखाशीर्ष शोधत होतो. डास निर्मूलन नको, त्यात ठेकेदार घुसतात. वृक्षगणना नको, मागच्या वेळी एकच वड चार जणांनी मोजला होता. ग्रंथालय मला बरं वाटलं, पण साहेब म्हणाले की तीन नगरसेवकांनी कविता लिहिलेल्या आहेत, ते प्रती घ्यायला लावतील. शेवटी जुन्या अंदाजपत्रकात अगदी तळाला ते सापडलं. भटक्या गुरांचा कोंडवाडा. शहराला पूर्वी एक कोंडवाडा होता, तो पाडून तिथे पार्किंग झालं, पण लेखाशीर्ष तेवढं जिवंत राहिलं होतं, लाक्षणिक हजार रुपये खाऊन. साहेबांचा चेहरा उजळला. "कोंडवाड्याकडे कोण बघतंय!" ते म्हणाले.

खर्च लिहिला म्हणजे कारण लिहावं लागतं. एवढा पैसा कोंडवाड्याला कशाला, तर गुरं वाढणार. किती वाढणार? आम्ही पशुवैद्यकीय विभागाला विचारलं. त्यांनी उलट पत्र पाठवलं की गुरांची माहिती आपल्याकडेच असल्यास ती कृपया आम्हांस द्यावी. मग मी आणि साहेबांनी टेबलावर बसून गुरं तयार केली. गाई किती, म्हशी किती, मोकाट बैल किती. साहेब नेमस्त माणूस, त्यांनी बैल कमी धरले. खर्च आहे म्हणजे उत्पन्नही दाखवावं लागतं, म्हणून मालकांकडून दंड आणि चाऱ्याचे पैसे धरले. नसलेल्या गुरांचे नसलेले मालक आमच्याकडे येऊन नसलेला दंड भरणार होते, आणि त्या जोरावर त्या वर्षीची शिल्लक छान आली. प्रशासकांनी मसुद्यावर सही करण्याआधी एवढंच विचारलं, "शिलकी आहे ना?" मी म्हटलं, हो सर, शिलकी आहे.

निकाल लागले, गुलाल उधळला गेला, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालं. अंदाजपत्रकाच्या सभेला साहेब पांढरा शर्ट घालून आले. मी त्यांच्या मागे फाइली घेऊन बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. आमच्या पुस्तकात कुणी डोकावत नव्हतं, जो तो आपलं भाषण घरून आणतो. आणि मग मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, आधी बँकेत अधिकारी होत्या. आकडा दिसला की तो वाचायचा ही त्यांची सवय, आणि आमचं दुर्दैव असं की पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

"मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "आरोग्याला जेवढे पैसे ठेवलेत, जवळजवळ तेवढे कोंडवाड्याला कशासाठी?"

मला वाटलं, मेलो आपण. आता चौकशी, निलंबन, पेपरात फोटो. साहेब उभे राहिले आणि त्यांनी आम्ही लिहिलेलं कारण वाचून दाखवलं. भटक्या गुरांचा वाढता प्रश्न लक्षात घेता. ते वाचताना त्यांचा आवाज कापत होता, पण लोकांना तो कळवळा वाटला असावा. कारण लगेच समोरच्या बाकावरून एक जण उठले आणि गरजले, "मग आमच्या प्रभागात कोंडवाडा का नाही?"

तिथून पुढे जे झालं ते मी माझ्या नातवंडांना सांगेन, आणि त्यांना ते खोटं वाटेल. दुसऱ्याने विचारलं, की खाडीपलीकडच्या लोकांना गुरं नसतात का? तिसऱ्याने टेबलावर हात आपटून सांगितलं की त्यांच्या प्रभागावर नेहमीच अन्याय होतो, पाण्यातही आणि आता गुरांतही. विरोधकांनी आरोप केला की सत्ताधाऱ्यांच्या प्रभागांतली गुरं मुद्दाम जास्त दाखवली आहेत. घोडबंदर रोडला असतात तसल्या मोठमोठ्या टॉवरांच्या भागातून आलेल्या एका तरुण नगरसेवकाने, जिथे गाय यायची तर तिला सिक्युरिटीवाल्याकडे नोंद करावी लागेल, तिथे पार्किंगच्या वर कोंडवाडा करता येईल का असं अगदी मनापासून विचारलं. बँकेतल्या बाई हात वर करून "अहो, पण गुरं आहेत कुठे?" असं विचारत होत्या, ते कुणाच्या कानावर गेलं नाही. शेवटी महापौरांनी तोडगा काढला. भेदभाव नको, कोंडवाड्याची तरतूद सर्व प्रभागांत समान वाटावी. टाळ्या झाल्या. बाक वाजवून एकमत झालेलं मी त्या सभागृहात तेवढं एकदाच पाहिलं.

साहेब खाली बसले आणि ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं. मग माझ्या ग्लासातलंही. आमची सगळी साठवण, आमच्या छपरासकट, कोंडवाड्यांत गेली होती. ज्याला कुणी बघणार नाही म्हणून निवडलं, त्याचाच गावभर डंका झाला.

सभा संपल्यावर बँकेतल्या बाई जिन्यात भेटल्या. मी कुठली, माझं घर कुठे, हे त्यांनी विचारलं. बोलता बोलता मी स्मशानाचं सांगून टाकलं. त्या थांबल्या. "अहो, मग ते मागायचं ना! मीच प्रस्ताव मांडला असता. मी वाचलं ते, हजार रुपये लिहिलेत. मला वाटलं, तुम्हाला नकोच असेल." मला साहेबांचा राग आला, स्वतःचा तर फारच आला, आणि घरी जाऊन काय सांगायचं ते जुळवत मी जिना उतरले.

घरी सांगितलं. सासूबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांना सभागृह, लेखाशीर्ष, सुधारित अंदाज यातलं काही समजावत बसले नाही. म्हटलं, "आई, छपराचे पैसे गुरांच्या कोंडवाड्याला गेले."

"कनच्या गुरांच्या?"

"गुरं नाहीत."

त्यांनी हातातली कोळंबी खाली ठेवली. "मानसांना छप्पर नाय, नि नसल्याल्या गुरांना हाय?" एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्रीचं कालवण माझ्या नवऱ्याने केलं आणि ते कुणीच धड जेवलं नाही.

पुढे विनोद आणखी पुढे सरकला. आमच्या प्रभागाच्या वाट्याचा कोंडवाडा बांधायला महापालिकेची एकच मोकळी जागा निघाली, ती स्मशानाच्या ओट्याला लागून. ठेकेदाराची माणसं मोजमाप घ्यायला आली तशा सासूबाई चार बायकांना घेऊन आडव्या गेल्या. एकीच्या हातात मासे कापायची कोयती तशीच होती, ती मुद्दाम आणली नव्हती, पण ठेकेदाराला ते कोण सांगणार. नगरसेवक धावत आले, हात जोडले, पैसे परत जातील म्हणाले. कामं अडवणाऱ्या गावाला पुढे काही मिळत नाही म्हणाले. शेवटी बायका बाजूला झाल्या. मग खांब उभे राहिले, छपराच्या लोखंडी कैच्या चढल्या, वर निळे पत्रे बसले. सासूबाई पडवीतून ते रोज बघायच्या आणि शिव्या द्यायच्या. पत्रे बसले त्या दिवशी मात्र गप्प होत्या. मला वाटलं, थकल्या.

कोंडवाड्याला फाटक लागलं, फाटकाला कुलूप लागलं, आणि किल्ली पशुवैद्यकीय विभागाने "आमच्याकडे गुरे नाहीत" असं लिहून लेखा विभागाकडे पाठवली. साहेबांनी ती आपल्या खणात ठेवली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे बैल कधी आलाच नव्हता.

पावसाळ्यात सासऱ्यांच्या होडीतले जुने जोडीदार वारले. सकाळपासून असा धोधो पाऊस की खाडी आणि आभाळ वेगळं दिसेना. मी ऑफिसात होते. नवऱ्याचा फोन आला. मागे कोलाहल चालला होता. "आये ऐकत नाय," तो म्हणाला. "ताडपत्री घेऊन पोरं निघाली तर मधे उभी राहिलीय. म्हणते, तिकरं न्या त्याला, कोंडवाड्यात. सगळे म्हणतात ते गुरांचं हाय. ती म्हणते, गुरं दाखवा मग. अगं, किल्ली कुणाकडे हाय?"

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि काय झालं ते उभ्याउभ्या सांगितलं. नियमाप्रमाणे किल्ली देता येत नव्हती, त्यासाठी अर्ज लागला असता आणि त्यात जनावराचं वर्णन लिहावं लागलं असतं. साहेबांनी खण उघडला, किल्ली घेतली, पंख्याचं बटण बंद केलं आणि छत्री काढली. "चला," म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा अख्खं गाव भिजत उभं होतं, तिरडी खांद्यावर. साहेबांनी कुलपाला किल्ली लावली. कुलूप फिरेना. खाडीच्या हवेने ते कधीच गंजून गेलं होतं. आयुष्यभर एक टाचणीही जास्त न मागितलेला तो माणूस पायाशी पडलेला दगड उचलून महापालिकेचं कुलूप फोडायला लागला. दोन घावांत ते तुटलं.

आत जमीन कोरडी ठणठणीत होती. सरण रचलं, अग्नी दिला आणि कुणालाही काही धरावं लागलं नाही. पोरांना रिकाम्या हातांचं काय करावं ते सुचेना. निळ्या पत्र्यांवर पाऊस आदळत होता आणि खाली ज्वाळा शांतपणे सरळ वर जात होत्या. सासूबाई फाटकाच्या आत आल्या, त्यांच्या मागून मी. सरण पेटलेलं असताना गावच्या बाईने तिथे पाऊल टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी मान वर करून पत्रे पाहिले, एका खांबाला हात लावून पाहिला. मग साहेबांकडे वळल्या. साहेब छत्री मिटून, ओल्या बुटांनी, अपराधी उभे होते.

"गुरांसाठी जरा बुटकाच बांदलाव," त्या म्हणाल्या. "पन मना पुरंल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो पावसाने ओला झाला नव्हता, आम्ही छपराखाली होतो.

साहेब निवृत्त झाले. आता या फेब्रुवारीत नवे लेखाधिकारी आलेत, चुणचुणीत आहेत. त्यांनी मला बोलावून विचारलं, की या कोंडवाड्यांत आजवर एकही जनावर आलेलं नाही, तर हे शीर्षच बंद का करू नये? बंद झालं तर बांधकाम मोडून जागा परत घेतली जाईल. मी त्यांना म्हटलं, सर, येत्या वर्षी गुरं वाढण्याची दाट शक्यता आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बँकेतल्या बाईंनाही जाऊन भेटले. त्या छपराला स्मशान म्हणून नोंदवायचा प्रस्ताव मांडतायत, पण सगळं व्हायला वेळ लागतो, आणि तोवर आमचं छप्पर गुरांच्याच नावावर उभं राहायला हवं.

काल जेवायला वाढताना सासूबाईंनी या वर्षी वेगळं विचारलं. "बजेटात गुरां किती लिवलीस गो?"

"मागच्याएवढीच धरलीत, आई."

"वारवून लिव," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "मी जाईपावतर पुरली पायजेत."

आज सकाळी ऑफिसात मी गुरं वाढवली. पुढच्या एका वर्षाचा अंदाज पुरतो, पण मी पाच वर्षांचा केला, मग दहांचा. गाई धरल्या, म्हशी धरल्या, साहेब कमी धरायचे ते बैलही भरपूर धरले. नव्या साहेबांनी विचारलं, एवढ्या पुढचं कशाला? मी सांगितलं, लागतील, सर.